झोळीतील पहिली रात्र

शेताच्या बांधावरील कडुनिंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधावी, तीत तान्हे मूल निजवावे आणि आईने निंदणाला बसावे, हे दृश्य विदर्भातील खेड्यात वाढलेल्या कोणालाही नवे नाही. मुंग्या, विंचू आणि तापलेली जमीन यांपासून मूल दूर राहते, वारा त्याला जोजवतो आणि आईचे लक्ष कामात राहते. दोन टोके आणि मधला झोळ एवढीच या साधनाची रचना. तीच झोळी अलीकडे निराळ्या रूपाने आपल्या रानावनांच्या वाटेवर येऊ लागली आहे. पाठीवर पिशवी टाकून पायी भटकणारे शहरी तरुण तंबूऐवजी झुलती झोळी बरोबर घेतात आणि दोन झाडांच्या मध्ये ती टांगून रात्र काढतात. इंग्रजीतील 'हॅमॉक' हे तिचे नाव आता दुकानांतूनही ऐकू येते.

हा छंद थोड्यांचा असला, तरी त्याचा संबंध अनेकांशी येतो. झोळी ज्या झाडाला बांधली जाते ते झाड कोणाच्या तरी बांधावर, गावठाणात किंवा वनखात्याच्या हद्दीत असते. रात्री काही विपरीत घडले, तर पहिली धाव जवळच्या गावालाच घ्यावी लागते. सहलीला निघालेल्या विद्यार्थ्यांची जबाबदारी शिक्षकांवर असते. म्हणून या साधनाचे गुणदोष शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि क्षेत्रीय अधिकारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

झोळीचा प्रवास

'हॅमॉक' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. १४९२ साली कोलंबसाच्या खलाशांनी त्या बेटांवर लोक जाळीच्या झोळ्यांत निजलेले पाहिले. दमट हवा, ओली जमीन आणि कीटक यांवर तेथील लोकांनी शोधलेला तो उपाय होता. पुढे युरोपातील नौदलांनी तो उचलला. कारण जहाज कितीही कलले तरी टांगलेली झोळी सरळ लोंबत राहते आणि दिवसा गुंडाळून ठेवली की जागा मोकळी होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने दमट जंगलांतील लढाईसाठी छत आणि मच्छरदाणी जोडलेली झोळी वापरली. आजच्या भटक्याची झोळी हे तिचेच हलके रूप होय.

आपल्याकडेही जमिनीपासून उंचावर रात्र काढण्याची परंपरा आहे. पिकाची राखण करणारा जागल्या माळ्यावर निजतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभागाच्या परवानगीने पाणवठ्याजवळील मचाणावर बसून वन्यप्राण्यांची नोंद घेणारे निसर्गप्रेमी विदर्भात पुष्कळ आहेत. तेव्हा कल्पना जुनीच आहे; नवे आहे ते अनोळखी ठिकाणी, अनुभव नसताना, एकट्याने ती अमलात आणणे. धोका असतो तो येथे.

सदरहून निघालेला तरुण

उदाहरणादाखल नागपूरच्या सदर भागातील एखादा तरुण घेऊ. आठवडाभर कार्यालयात बसून तो कंटाळला आहे. शनिवारी दुपारी तो पाठीवर पिशवी टाकून निघतो. कामठी, कन्हान, मनसर या मार्गाने सुमारे ५० किलोमीटरवर रामटेक आणि त्याच्या शेजारी खिंडसी तलाव; आणखी पुढे जबलपूरच्या दिशेने गेले की पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेवरील गावे. एकाच दुपारी बाजारातील गजबजाटातून सागाच्या रानापर्यंत पोहोचता यावे, हे नागपूरकरांचे भाग्यच म्हणावे लागेल.

झोळी त्याने नुकतीच विकत घेतली आहे. ती मुठीएवढ्या पिशवीत मावते, वजनाने तंबूपेक्षा हलकी आहे, तिला सपाट जमीन लागत नाही. दुकानात ती त्याला फार सोपी वाटली. मात्र सूर्य मावळतीला गेला असताना दोन झाडांपुढे उभे राहिल्यावर एकामागून एक प्रश्न पुढे येतात. दोर किती ताणावा? कोणते झाड निवडावे? गारठ्याचे काय? साप-किरड्याचे काय? आणि येथे थांबण्यास आपणास मुभा आहे काय? हे प्रश्न आपणही त्याच क्रमाने पाहू.

ताणाचे गणित

नवशिक्याची पहिली चूक बहुधा ठरलेली असते. झोळ पडला तर आपण जमिनीला टेकू, या भीतीने तो दोर जितका ताणता येईल तितका ताणतो. वस्तुतः दोर जेवढा आडवा, तेवढा त्यावरील ताण अधिक. माणसाचे वजन ६० किलो धरले आणि दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करीत असला, तर प्रत्येक बाजूच्या दोरावर सुमारे ६० किलोचा ताण येतो. कोन १० अंशांवर आणला की तोच ताण सुमारे १७३ किलो होतो. ५ अंशांवर तो ३४४ किलोच्या घरात जातो. माणूस तोच, वजन तेच; परंतु दोर, गाठ, कापड आणि झाड यांवरील भार जवळजवळ सहापट वाढतो. मध्यरात्री कूस बदलताना दोर तुटून पाठीवर आपटण्याचे अपघात होतात, त्यांचे एक प्रमुख कारण हेच आहे.

म्हणून ३० अंशांचा कोन हा सर्वसाधारण नियम मानला जातो. दर दोन हात आडव्या अंतरामागे दोर एक हाताहून थोडा अधिक वर चढावा, असा अंदाज ठेवला तरी पुरे. दोन झाडांमध्ये ४ ते ५ मीटर अंतर असावे, पट्टा साधारण डोक्याइतक्या उंचीवर बांधावा आणि माणूस बसल्यावर झोळीचा तळ जमिनीपासून दीड फुटापेक्षा फार वर राहू नये. अधिक उंचीने सुरक्षितता वाढत नाही, पडण्याची इजा मात्र वाढते. बसण्यापूर्वी दोन्ही हातांनी झोळी दाबून हळूहळू भार द्यावा. एकदम उडी मारून बसू नये.

झोपण्याची रीतही शिकावी लागते. झोळीच्या मधोमध सरळ निजले की पाठीची कमान होते आणि सकाळी कंबर धरते. डोके एका बाजूस व पाय दुसऱ्या बाजूस, असे थोडे तिरपे निजल्यास ताणलेले कापड पाठीखाली बरेच सपाट होते. पुरेशी लांबरुंद झोळी घ्यावी ती याचसाठी.

विज्ञानाच्या शिक्षकांना हा धडा वर्गातही देता येईल. दोन ताणकाटे समोरासमोर अडकवावेत, त्यांच्यामध्ये दोरी बांधून मध्यभागी एक किलोचे वजन टांगावे आणि दोरीचा झोळ हळूहळू कमी करीत जावे. काट्यांवरील आकडे एका किलोच्या पुढे चढत जाताना पाहिले की बलांच्या समांतरभुजाचा नियम विद्यार्थी सहसा विसरत नाहीत.

झाडाची पारख

झाडाच्या सालीखाली एक पातळ जिवंत थर असतो. खोडाची वाढ त्याच थरातून होते आणि पानांत तयार झालेले अन्न त्यालगतच्या सालीतून मुळांकडे जाते. बारीक दोर भाराखाली सालीत रुततो आणि हा थर चिरडतो. एकाच झाडावर वारंवार हा प्रकार झाला, तर झाड हळूहळू खंगते. यास्तव दोर थेट खोडाभोवती कधीही गुंडाळू नये. किमान एक इंच रुंदीचा, शक्यतो त्याहून रुंद, सपाट पट्टा खोडाभोवती घेऊन त्याला झोळी अडकवावी. खिळा तर मुळीच ठोकू नये. जाड गोणपाटाची दुहेरी घडी पट्ट्याखाली घातल्यास सालीचे आणखी रक्षण होते.

झाड जिवंत, सरळ आणि मांडीहून जाड असावे. साग, ऐन, आंबा, चिंच, कडुनिंब यांची पक्व झाडे बहुधा भरवशाची असतात. सावर आणि पांगारा यांना काटे असतात. शेवग्याचे लाकूड ठिसूळ. पट्टा बांधण्यापूर्वी मान वर करून पाहण्याची सवय लावावी. वाळलेली फांदी, आग्या मोहोळ किंवा मुंग्यांचे घरटे दिसले, तर ती जागा सोडून द्यावी.

मोहाच्या झाडाविषयी विशेष सूचना करावीशी वाटते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्री व पहाटे गळतात. त्या गोड फुलांसाठी अस्वले येतात आणि पहाटे गावातील बायामाणसे टोपल्या घेऊन वेचणीला येतात. मोहफूल हे अनेक कुटुंबांच्या वर्षाच्या मिळकतीतील मोलाचा भाग आहे. बहरातील मोहाखाली झोळी टांगणे हे स्वतःच्या जिवाला अपायकारक आणि गावकऱ्यांच्या कामात अडथळा आणणारे, असे दोन्ही परींनी अनुचित होय.

पाठीखालचा गारठा

नागपूरचे नाव उन्हाळ्याशी जोडलेले असल्याने थंडीची तयारी करण्याचे अनेकांना सुचत नाही. परंतु डिसेंबर २०१८ च्या अखेरीस याच शहराचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. मोकळ्या रानात गारठा शहरापेक्षा अधिक जाणवतो.

झोळीत थंडी खालून लागते. जमिनीवर निजलेल्याच्या पाठीखालून वारा वाहत नाही. झोळीखालून तो रात्रभर वाहतो. अंगाखाली घेतलेली रजई शरीराच्या भाराने दबते, तिच्यातील हवा निघून जाते आणि ऊब धरून ठेवण्याची तिची शक्ती कमी होते. अंगावर दोन पांघरुणे घेऊनही पहाटे पाठ गारठते ती यामुळे. दबली तरी ऊब न सोडणारी फोमची चटई किंवा जाड घोंगडी झोळीत अंथरावी. अथवा झोळीच्या बाहेरून, तिच्या तळाशी सैलसर टांगलेली रजई वापरावी. दवापासून बचावासाठी वर ताडपत्रीचे छत हवेच. दोरावरून ओघळणारे पाणी झोळीत येऊ नये म्हणून दोराला छताखाली सुतळीचा एक तुकडा बांधून लोंबता ठेवावा. पाणी त्या सुतळीवरून खाली ठिबकते.

दीड फुटाचे मोल

झोळीचा सर्वांत मोठा लाभ आरोग्याच्या दृष्टीने आहे आणि तो केवळ भटक्यांपुरता नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला आणि २०३० पर्यंत यातील मृत्यू निम्म्यावर आणण्याच्या उद्दिष्टाने भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांपैकी मण्यार हा निशाचर. जमिनीवर निजलेल्या माणसाला तो अंथरुणात येऊन चावतो. दंशाची वेदना बहुधा होत नाही, सूजही येत नाही. कित्येकदा झोपलेल्याला जागही येत नाही. पुढे पोटात दुखणे, पापण्या मिटू लागणे, बोलणे जड होणे, श्वास अडखळणे अशी लक्षणे दिसू लागतात.

जमिनीपासून दीड फूट वर, मच्छरदाणीने सर्व बाजूंनी बंद केलेल्या झोळीत हा धोका पुष्कळ कमी होतो. नाहीसा होत नाही. रात्री झोळीतून उतरण्याचा क्षण सर्वांत जोखमीचा असतो. विजेरी हाताशी ठेवावी, तिच्या उजेडात जमीन पाहून मगच पाय टाकावा. बूट जमिनीवर न ठेवता दोराला टांगावेत आणि घालण्यापूर्वी झटकावेत. अन्नाचे खरकटे जवळ ठेवू नये. त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

कीटकांबाबतही दक्ष राहावे. डास झोळीच्या पातळ कापडातून खालूनही चावतो, म्हणून पाठीखाली चटई असणे येथेही उपयोगी पडते. गवतातील सूक्ष्म किडीच्या चाव्याने होणाऱ्या स्क्रब टायफस या तापाचे रुग्ण २०१८ साली विदर्भात मोठ्या संख्येने आढळले होते. सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

झोळी वाघ, बिबट्या वा अस्वलापासून मुळीच संरक्षण देत नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. आकाशात गडगडाट सुरू झाला, तर झोळी सोडून पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा. झाडाखाली थांबणे हे वीज अंगावर ओढवून घेण्यासारखे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप मोबाइलवर विजेची पूर्वसूचना देते. ते निघण्यापूर्वी घेऊन ठेवावे.

आणि दंश झालाच तर? घट्ट बांधणे, चिरा देणे, विष ओढून घेणे, मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये. रुग्णाला धीर द्यावा, त्याला चालू देऊ नये, दंशाचा अवयव हलू देऊ नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात विनाविलंब न्यावे. रस्ता दूर असेल, तर भक्कम बांबूला बांधलेली हीच झोळी उपयोगी पडते. गडचिरोली व मेळघाटातील दुर्गम पाड्यांवरून रुग्णांना आजवर याच पद्धतीने खांद्यावरून वाहून आणले गेले आहे. ज्या साधनात आपण हौसेने झुलतो, ते कित्येकांसाठी रस्त्याच्या अभावी पत्करलेले वाहन होते, याची जाणीव प्रत्येक भटक्याने ठेवावी.

मुक्काम कोठे करावा

आता शेवटचा प्रश्न. मोकळे रान दिसले म्हणून तेथे झोळी टांगता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनात विनापरवाना शिरणे व विस्तव पेटवणे हा अपराध आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत तर पानगळीच्या या रानांत एक ठिणगीही अनर्थ घडवू शकते. सदरहून निघालेल्या आपल्या तरुणाला हे ठाऊक नसण्याचा संभव आहे. त्याला अंधारात हाकलून देण्यापेक्षा वेळीच योग्य जागा दाखवणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

ही जागा गाव देऊ शकते. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील क्षेत्राला भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया व खापा या गावांतील दिव्यांचा उजेड केवळ खाली पडेल अशी व्यवस्था करण्यात आली. अंधार हीसुद्धा गावाची संपत्ती असू शकते, हे या उदाहरणाने दाखवून दिले. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारले, त्यामुळे शेतावर पाहुण्यांची सोय करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यालाही दिशा मिळाली आहे.

या कामी मोठ्या खर्चाची गरज नाही. ग्रामपंचायतीने वा शेतकऱ्याने वस्तीलगतची एक जागा ठरवावी. तेथे योग्य अंतरावरील चार-सहा निरोगी झाडे निवडावीत, किंवा खोल पुरलेले भक्कम खांब उभारावेत, म्हणजे झाडांवर भार येणार नाही. गवत कापलेले असावे. शौचालय, पिण्याचे पाणी आणि विजेच्या वेळी आसऱ्यासाठी शाळेची वा समाजमंदिराची खोली जवळ असावी. येणाऱ्याचे नाव नोंदवहीत घ्यावे. प्रतिसर्पविष असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव, अंतर व दूरध्वनी क्रमांक फलकावर ठळक अक्षरांत लिहावा. माफक शुल्क घ्यावे आणि जेवण गावातील बचत गटाकडे सोपवावे. पाहुण्याने रात्री गोंगाट करू नये, कचरा परत न्यावा आणि माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत, एवढे नियम पुरेसे आहेत.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांची पहिली रात्र शाळेच्या आवारातच घडवावी. गाठी, कोन, झाडाची पारख, प्रथमोपचार यांचा सराव दिवसा व्हावा. मुक्कामास पालकांची लेखी संमती असावी आणि रात्री आळीपाळीने एक शिक्षक जागा राहावा.

आपला तरुणही पहिली रात्र अशाच एखाद्या गावाच्या आवारात काढील, तर त्याचे सारे प्रश्न तेथेच सुटतील. दोर सैल पडला तर पुन्हा बांधता येईल, पाठ गारठली तर शेजारच्या घरातून घोंगडी मिळेल, भीती वाटली तर हाकेच्या अंतरावर माणूस असेल. झोळीच्या दोन टोकांना दोन झाडे लागतात. पहिल्या रात्री त्यांच्या जोडीला जवळपास एक जागे गाव असावे. बांधावरच्या झोळीत मूल निर्धास्त निजते, कारण त्याची आई हाकेच्या अंतरावर असते. पाहुण्या भटक्यासाठी तेवढी सोबत आपल्या गावांनी केली, तर रान, गाव आणि शहर यांचा परिचय वाढेल आणि तो परिचय तिघांच्याही हिताचा ठरेल.